२०४५ की २०६३? आणि दोन काळांतली गोष्ट कशी रचावी

प्रश्न थोडक्यात असा: "'स्टार ट्रेक' या अमेरिकी अवकाश-मालिकेवरची 'स्ट्रेंजर्स फ्रॉम द स्काय' ही मार्गारेट वाँडर बोनॅनो यांची १९८७ची कादंबरी वाचली. तिच्यात माणसांची आणि व्हल्कन ग्रहवासीयांची पहिली भेट २०४५ मध्ये होते. १९९६च्या चित्रपटात मात्र ती २०६३ मध्ये होते. मग खरी कोणती? आणि चुकीची ठरलेली कादंबरी वाचायची तरी कशाला? दुसरं म्हणजे, मी दिवाळी अंकासाठी अशीच दोन काळांतली दीर्घकथा लिहितोय. १९७१ मध्ये मालवणच्या किनाऱ्यावर रापणीत, म्हणजे काठावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यात, एक परग्रहवासी सापडतो, २०७१ मध्ये त्या रापणकराची पणती त्याचा माग काढते. प्रकरणं एकाआड एक ठेवली आहेत. वाचून बघणारे म्हणतात, कंटाळा येतो. काय चुकतंय? तीन प्रकरणं सोबत जोडली आहेत."

तारखेचा निकाल आधी लावतो, तो सोपा आहे. स्टार ट्रेकच्या जगात पडद्यावर दिसतं ते अधिकृत, पुस्तकात छापलेलं नाही. चित्रपटानुसार ५ एप्रिल २०६३ला मोंटानातल्या बोझमनजवळून झेफ्रम कॉक्रन हा संशोधक प्रकाशापेक्षा वेगाने उड्डाण करतो, जवळून जाणाऱ्या व्हल्कन यानाला त्याची चाहूल लागते आणि ते खाली उतरतं. कादंबरी त्या चित्रपटाच्या नऊ वर्षं आधीची. लेखिकेच्या हाताशी तेव्हा ही तारीखच नव्हती, त्यामुळे तिच्याकडून चूक झाली असं म्हणता येत नाही. तिच्या मागून रस्ता वळवला गेला, एवढंच.

गंमत अशी की पुढे पडद्यानेही तिचीच युक्ती वापरली. २००२ मध्ये 'एंटरप्राइझ' मालिकेच्या एका भागात टी'पॉल ही व्हल्कन अधिकारी जेवणाच्या टेबलावर गोष्ट सांगते. १९५७ मध्ये, स्पुटनिक सोडला त्या सुमारास, काही व्हल्कन पेनसिल्व्हेनियातल्या खाणकामगारांच्या गावात अडकून पडले होते आणि टोप्यांखाली कान झाकून तिथे राहिले होते. म्हणजे अधिकृत पहिल्या भेटीच्या आधी एक लपलेली भेट. बोनॅनोंच्या कादंबरीचा सांगाडा हाच. त्यातसुद्धा ऐकणाऱ्यांना शेवटपर्यंत कळत नाही की बाई खरं सांगतेय की थापा मारतेय. तेव्हा 'अधिकृत' या शब्दाला किती भाव द्यायचा ते तुम्हीच ठरवा.

वाहतूक उलट्या दिशेनेही होते. मूळ मालिकेतल्या सुलू या पात्राचं 'हिकारू' हे नाव व्होंडा मॅकिन्टायर यांच्या १९८१च्या कादंबरीतलं. पडद्यावर ते १९९१च्या सहाव्या चित्रपटात आलं. त्याला दहा वर्षं लागली, पण आलं.

आता पुस्तक वाचायचं कशाला, याकडे येतो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच्याच पोटात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाजलेल्या मालिकेवर परवानगी घेऊन कादंबरी लिहिणं म्हणजे भाड्याच्या घरात राहणं. भिंतीला खिळा मारायचा नाही, रंग बदलायचा नाही, सोडताना घर होतं तसं परत द्यायचं. मूळ मालिकेतल्या यानाचा कप्तान कर्क, त्याला मारता येत नाही, त्याचं लग्न लावता येत नाही, त्याचा अर्धा व्हल्कन सहकारी स्पॉक याला त्याच्याशी कायमचं भांडायला लावता येत नाही. शेवटच्या पानावर सगळे आपापल्या जागी हजर पाहिजेत. मी स्वतः कधी असं मूळ लेखन केलेलं नाही, पण मुलांच्या एका परदेशी मालिकेची परवानाधारक पुस्तकं मराठीत आणण्याचं काम काही वर्षं केलं. सोबत नियमांची जाडजूड वही यायची. एकदा एका पात्राच्या आजीला मी एका वाक्यात 'कै.' करून टाकलं, कारण मूळ मजकुरात तिचा उल्लेख भूतकाळात होता. तीन आठवड्यांनी लाल शाईत उत्तर आलं: आजी जिवंत आहे, पुढच्या वर्षीच्या पुस्तकात ती लागणार आहे. मुकाट्याने आजीला उठवून बसवली.

बोनॅनोंनाही या घरमालकीचा पुढे चांगलाच चटका बसला. १९९२ची 'प्रोब' ही कादंबरी त्यांच्या नावाने निघाली, पण आतला मजकूर दुसऱ्याकडून इतका लिहून घेतलेला होता की त्यांनी ती आपली मानायला नकार दिला, आणि स्वतःचं मूळ हस्तलिखित मागतील त्या वाचकांना देऊ केलं. तो विषय वेगळा, पण या धंद्यात लेखकाची जागा कुठे असते ते त्यावरून कळतं.

तर अशा घरात गोष्ट रंगवायची कशी? 'आता पुढे काय होणार' ही चिंता वाचकाला घालता येत नाही. कर्क जगणार हे त्याला मुखपृष्ठ पाहूनच माहीत असतं. बोनॅनोंनी केलं ते असं की ती चिंता उचलून मागच्या काळात नेली आणि प्रश्नच बदलला. पुढे काय होणार हा प्रश्न गेला. जे होऊन गेलं ते आपल्याला आठवत का नाही, हा प्रश्न आला.

पुढच्या काळात कर्क ॲडमिरल झालेला आहे. यानाचा डॉक्टर मॅकॉय त्याला एक नवं गाजणारं पुस्तक वाचायला देतो. पुस्तकाचं नाव 'स्ट्रेंजर्स फ्रॉम द स्काय', म्हणजे आपल्या हातातल्या कादंबरीचंच. सगळ्यांना ठाऊक असलेल्या पहिल्या भेटीच्याही आधी, २०४५ मध्ये, एक व्हल्कन टेहळणी यान दक्षिण पॅसिफिकमध्ये कोसळलं आणि तो प्रकार दडपला गेला, असा त्या पुस्तकाचा दावा. कर्क ते वाचतो आणि त्याला भयानक स्वप्नं पडायला लागतात. स्वप्नात तो स्वतः तिथे आहे, स्पॉक आहे, आणि त्याचा जुना मित्र गॅरी मिचेल आहे. मिचेल तर मरून कितीतरी वर्षं झाली. मॅकॉयला शंका यायला लागते की याचं डोकं फिरलं.

मागच्या काळात काय घडतं? समुद्रात केल्पची, म्हणजे पाण्याखालच्या त्या उंच शेवाळाची, शेती करणारं एक तरंगतं केंद्र आहे. तिथे तात्या आणि योशी असं जोडपं राहतं. (तात्या हे बाईचं नाव आहे. मराठी वाचक पहिली वीस पानं धोतर-टोपीतला गृहस्थ डोळ्यांसमोर आणतो, माझंही तेच झालं.) त्यांना पाण्यात दोन जखमी जीव सापडतात. टी'लेरा ही यानाची प्रमुख आणि तिचा मुलगा सोरहल. जोडप्याला प्रश्न पडतो तो अगदी घरगुती: यांना आत घ्यायचं की वर कळवायचं? व्हल्कनांना पडलेला प्रश्न त्याहून कठीण. माणूस अजून या भेटीला तयार नाही असं वाटत असेल, तर आपण जिवंत राहावं का? या सगळ्यात कर्क, स्पॉक, मिचेल, डॉ. डेनर आणि केल्सो भविष्यातून येऊन पडतात, आणि काही झालं तरी इतिहास बिघडू द्यायचा नाही ही जबाबदारी त्यांच्या गळ्यात.

मिचेल, डेनर आणि केल्सो ही तीन नावं नीट बघा. १९६६ मध्ये दाखवलेल्या एका सुरुवातीच्या भागात हे तिघेही मरतात. मूळ मालिका पाहिलेला वाचक या कादंबरीत त्यांना हसताना, टोमणे मारताना, बेत आखताना बघतो आणि त्याला माहीत असतं की यांचे थोडेच दिवस उरलेत. लेखिकेला त्यासाठी एक ओळही खर्च करावी लागत नाही. भाड्याच्या घराचा हा फायदा. आधीच्या बिऱ्हाडाच्या खुणा भिंतीवर असतात, त्या वापरून घ्यायच्या.

शेवटी सगळं जागच्या जागी जायला हवं, म्हणून या मंडळींच्या आठवणी मिटवल्या जातात. एरवी हा पळपुटा उपाय. दिवाळी अंकांसाठी येणाऱ्या विज्ञानकथांत 'आणि त्याला जाग आली' हा शेवट मी इतक्या वेळा कापलाय की मोजणं सोडून दिलं. इथे मात्र विसरणं शेवटी येत नाही, ते पहिल्या पानावरच आहे. कर्क विसरलाय, आणि ती विसरलेली गोष्ट त्याला झोपू देत नाही. परवान्याची अट म्हणून जे करावंच लागणार होतं, त्यालाच लेखिकेने कथेचं दुखणं करून टाकलं. माझ्या मते या कादंबरीतलं सगळ्यात हुशारीचं काम हेच.

उणिवाही आहेत. पार्नेब नावाचा इजिप्तमधला एक जवळजवळ जादूगार मंडळींना इकडून तिकडे नेतो. जिथे कथानक अडतं तिथे तो हजर होतो, आणि त्याचं असणं कधीच नीट पटत नाही. स्पॉकला नेमका स्वतःच्याच आईच्या घराण्यातला पूर्वज भेटणं हाही योगायोग मोठाच. पण तो मी माफ केला, त्याचं कारण पुढे येईल.

१९९४च्या 'फेडरेशन' या कादंबरीशी ताडून बघा. ज्युडिथ आणि गारफिल्ड रीव्हज-स्टीव्हन्स यांची. तिच्यात कॉक्रनचा काळ, कर्कचा काळ आणि पुढच्या मालिकेतला कप्तान पिकार्ड याचा काळ असे तीन धागे आहेत आणि कॉक्रन हा माणूसच त्यांना शिवत जातो. यंत्र म्हणून ती जास्त घट्ट आहे. १९९६च्या चित्रपटाने तिच्यातलाही कॉक्रन खोटा पाडला, तो भाग सोडा. पण तिच्यात धागे घटनांनी जोडलेत, आणि बोनॅनोंच्या कादंबरीत एका विसरलेल्या गोष्टीने. मला दुसरी जास्त आठवते. तुमच्याही कामाची तीच आहे, कारण तुमच्याकडे तिन्ही काळांत फिरणारा कॉक्रन नाही.

आता मधला मुद्दा, जो तुम्ही कादंबरी इंग्रजीत वाचल्यामुळे कदाचित निसटला असेल. या कादंबरीत पहिल्या भेटी दोन आहेत. एक माणसांची आणि व्हल्कनांची. दुसरी कर्कची आणि स्पॉकची. मागच्या काळात कर्क नुकताच कप्तान झालाय आणि स्पॉक त्याला आधीच्या कप्तानाकडून वारसाहक्काने मिळालाय. त्यांची मैत्री अजून व्हायची आहे. कर्कला हा माणूस कळत नाही. स्पॉकला कर्क उथळ वाटतो. पुढच्या काळात हेच दोघे एकमेकांसाठी जीव देतील असे. म्हणून स्पॉकला आईकडचा पूर्वज भेटतो तो योगायोग मी चालवून घेतो: अर्धा माणूस असलेल्या त्या प्राण्याची माणसाशी पहिली खरी ओळख तिथे होते.

इंग्रजीत हे सगळं 'यू'मध्येच चालतं. मराठीत आणायचं तर पहिल्याच संवादाला थांबावं लागतं. सरावासाठी मी एकदा दोन पानं करून बघितली होती, छापायला नाही. मागच्या काळात कर्क स्पॉकला 'तुम्ही' म्हणतो. हाताखालच्या अधिकाऱ्याला कप्तान 'तुम्ही' म्हणतो ते आदराने नाही, अंतर ठेवायला, ऑफिसात नवा साहेब जुन्या हेडक्लार्कला म्हणतो तसं. पुढच्या काळात कर्कचं 'तू' होतं. स्पॉक मात्र दोन्ही काळांत 'आपण' म्हणतो. तो बदलतच नाही, बदलतो तो त्या 'आपण'चा अर्थ: आधी शिष्टाचार, नंतर लाडाचं. हे जमलं तेव्हा प्रकरणांच्या डोक्यावर वर्षं लिहायची गरजच उरली नाही. सर्वनाम वाचलं की काळ कळतो. उलट टी'लेरा योशीशी बोलते तेव्हा माझं घोडं अडलं. जी माणसांची भाषा चोरून ऐकलेल्या प्रक्षेपणांवरून शिकली असेल ती 'तू' म्हणेल की 'आपण'? बातम्या ऐकून शिकली असेल तर 'आपण'. नाटकं ऐकून शिकली असेल तर काय वाटेल ते.

आता तुमची प्रकरणं.

पहिलं, रापणीचं, चांगलं आहे. दोर ओढताना नेहमीपेक्षा वजन लागतं, म्हातारा म्हणतो 'दगड इलो वाटता', आणि मग जाळं उघडतं. ही दीड पानं मी परत वाचली. तिथून पुढे घसरण आहे. दुसऱ्या प्रकरणात २०७१ची पणती प्रयोगशाळेत बसून 'शंभर वर्षांपूर्वी माझ्या पणजोबांना परग्रहवासी सापडला होता' असं सांगते. हे आम्ही चार पानांपूर्वी डोळ्यांनी पाहिलं. तिसऱ्यात १९७१चा परग्रहवासी आजारी पडतो, चौथ्यात (तुमच्या टिपणानुसार) पणतीला तो आजारी पडल्याचा कागद सापडणार. म्हणजे तुमची पणती सगळं वाचकाच्या नंतर शोधते. शोध तिचा, पण उत्तर आधीच फुटलेलं. कंटाळा यातून येतोय. एकाआड एक मांडणी हा दोष नाही.

एक प्रयोग करा. २०७१ची सगळी प्रकरणं वेगळी काढून सलग वाचा. १९७१ न वाचलेल्या माणसाला ती वाचून काही अडलं नाही, सगळं समजलं, तर ती फक्त बातमीपत्रं आहेत. मग १९७१ची वेगळी वाचा. तुमच्या बाबतीत ती एकटीच उभी राहतात, हे मी आताच सांगतो. म्हणजे दुसऱ्या काळाला अजून काम मिळालेलं नाही.

काम द्यायचं म्हणजे पणतीला काहीतरी चुकीचं माहीत असू द्या. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली एक गोष्ट असू द्या, जी १९७१च्या प्रसंगांशी जुळत नाही. घरी सांगतात, पणजोबांनी त्याला वाचवला. आम्ही १९७१ वाचतोय आणि आम्हाला हळूहळू शंका यायला लागते. किंवा उलट: घरात त्या वर्षाबद्दल कुणी बोलतच नाही. १९७१ हे साल तुम्ही निवडलंत, त्या डिसेंबरात युद्ध होतं, किनाऱ्यावर दिवे बंद ठेवायची सक्ती होती, अनोळखी माणूस म्हणजे हेर असा संशय. तुमच्या तिन्ही प्रकरणांत याचा मागमूस नाही! अहो, समुद्रातून आलेला, भाषा न कळणारा माणूस त्या महिन्यात गावात लपवणं म्हणजे काय, हा धोका तुमच्या पायाशी पडलाय. गाव का गप्प बसलं, त्याचंही उत्तर त्यातच मिळेल.

मराठी वाचकाला दोन इतिहासांची गोष्ट नवीन नाही. जयंत नारळीकरांच्या पानिपतवरच्या कथेत बखरीचं एक फाटकं पान असतं, त्यावर विश्वासरावाला गोळी चाटून जाते, लागत नाही. सगळी कथा त्या पानावर तोलली आहे. बोनॅनोंकडे पुस्तकातलं पुस्तक आहे. तुमच्याकडे काय आहे? तुमच्या पणतीला 'डिजिटल संग्रहात नोंद' सापडते. नोंद हातात धरता येत नाही. रापणीच्या जाळ्याचा एक तुकडा द्या, ज्याची गाठ मालवणातला कुणीच मारत नाही. जाळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला गाठ कुणाच्या हातची ते लगेच कळतं.

प्रकरणांची लांबी सारखी ठेवू नका. १९७१ला दहा पानं द्या, २०७१ला दोन. मध्ये एकदा २०७१ला एकच परिच्छेद द्या. आणि १९७१ची क्रियापदं साधी करा. 'आला होता, बसला होता, म्हणाला होता' असं पानभर चाललंय. तो काळ तुमच्यासाठी मागचा, रापणकरासाठी तो आज आहे. 'आला, बसला, म्हणाला' पुरे. 'होता' फक्त तिथे, जिथे रापणकर स्वतः मागचं आठवतो. एवढ्यानेच तीन पानं कमी होतील.

शेवटचं, सर्वनामाचं. पहिल्या प्रकरणात म्हातारा जाळ्यातल्या त्या जिवाला विचारतो, 'खंयचो रे तू?' उत्तम. कुणीही परका असो, आधी गाव विचारायचं. पण पान नऊवर तोच म्हातारा त्याला 'आपण कोण आहात, कुठून आलात' असं पुस्तकी विचारतो. बहुधा तिथे तुम्हाला प्रसंग गंभीर वाटला. म्हाताऱ्याला वाटलेला नाही, त्याला मासळी उन्हात पडलीय याची काळजी आहे. तिथे परत मालवणी आणा. 'आपण' राखून ठेवा तो २०७१साठी, पणती त्या जिवाच्या जातभाईंना पहिला निरोप लिहिते त्या प्रसंगासाठी. ती दोन दिवस मसुदे करेल, समिती बसेल, 'आपण' की 'तुम्ही' यावर वाद होईल, आणि तिच्या टेबलावर ते जाळं पडलेलं असेल. तिला काय लिहावंसं वाटेल ते मला माहीत आहे, तुम्हालाही असेल. ते प्रकरण आधी लिहा आणि पाठवा. बाकीची मग बघू. अंकाची मुदत गणपतीपर्यंत आहे, वेळ आहे अजून.